परदेशी तबकडी आणि पाच संधी

अमेरिकेतल्या भाच्याने शाळेसाठी वन्य प्राण्यांवरच्या माहितीपटाची डीव्हीडी पाठवावी, वर्गात मुले मांडी घालून बसावीत, आणि तबकडी संगणकात सरकवताच पडद्यावर ‘विभाग जुळत नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ यावी, असा प्रसंग पुष्कळ शिक्षकांवर येतो. मग तबकडी खराब निघाली असे समजून ती कपाटात जाते. वास्तविक तबकडी चांगली असते, संगणकही चांगला असतो. दोघांचा मुलूख निराळा, इतकेच.

हे मुलूख पाडले कोणी? चित्रपट व्यवसायाने. त्या काळी नवा चित्रपट अमेरिकेत आधी लागे आणि इतर देशांत काही महिन्यांनी पोचे. तिकडची तबकडी इकडे आधीच आली, तर इथल्या चित्रपटगृहाचा गल्ला बुडायचा. म्हणून १९९० नंतरच्या दशकात डीव्हीडी निघाली, तेव्हाच जगाचे सहा विभाग केले गेले. अमेरिका व कॅनडा पहिल्यात, पश्चिम युरोप आणि जपान दुसऱ्यात, ऑस्ट्रेलिया चौथ्यात, चीन सहाव्यात. आपला भारत पाचव्यात, रशियाच्या आणि आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांच्या पंगतीला. डबीच्या पाठीवर पृथ्वीच्या गोलाचे लहानसे चित्र असते, त्यात हा आकडा पाहावा. तिथे ‘ऑल’ असे छापलेले असेल, तर ती कुठेही चालते. घरी तयार केलेल्या लग्नकार्याच्या तबकडीलाही सहसा हे बंधन नसते.

आता नीट ऐका, कारण खरी मेख इथे आहे. संगणकात तबकडी फिरवून वाचणारा जो भाग, त्याला ड्राइव्ह म्हणतात. २००० सालापासून तयार झालेल्या ड्राइव्हमध्ये विभागाची नोंद खुद्द त्या यंत्रातच राहते. ती आपल्याला बदलता येते. पण फक्त पाच वेळा. पाचव्या बदलाला जो आकडा दिला, तो कायमचा! विंडोज पुन्हा भरून घेतली, तरी गेलेली संधी परत येत नाही. पडद्यावर ‘विभाग बदलू का?’ असे विचारले की आपण घाईने ‘ओके’ दाबतो. आज अमेरिकेची तबकडी, उद्या आपली, परवा पुन्हा अमेरिकेची. आठवड्यात पाचही संधी खलास. आणि शेवटचा आकडा १ राहिला, तर ५ आकड्याची आपलीच तबकडी परकी ठरते!

तेव्हा आधी ‘ओके’ न दाबता आपल्याकडची एखादी तबकडी लावून पाहा. तीही चालली नाही, तर दोष विभागाचा नव्हे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून डीव्हीडी दाखवण्याची सोय विंडोजबरोबर आपोआप मिळत नाही. व्हीएलसी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावा. तो बहुधा विभाग न विचारताच परदेशी तबकडीही दाखवतो. काही हट्टी ड्राइव्ह मात्र त्यालाही दाद देत नाहीत.

अशा वेळी किती संधी उरल्या ते पाहावे. ‘स्टार्ट’वर माउसची उजवी कळ दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. तिथे डीव्हीडी ड्राइव्हच्या नावावर पुन्हा उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, आणि ‘डीव्हीडी रीजन’ हे पान काढा. सध्याचा विभाग व शिल्लक बदल दोन्ही तिथे लिहिलेले असतात. नुसते वाचा आणि ‘कॅन्सल’ करून बाहेर या.

परदेशी तबकड्या वारंवार येत असतील, तर माझ्या मते यूएसबीने जोडायचा दुसरा ड्राइव्ह घेणे शहाणपणाचे. त्यावर एकदाच १ आकडा ठेवून तशी चिठ्ठी चिकटवावी. जुना ५ वरच राहू द्यावा. ‘कुलूप काढून देतो’ म्हणत ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम बदलणारेही भेटतात. त्या खटपटीत ड्राइव्ह कायमचा निकामी होऊ शकतो.

भाच्याने पुढच्या वेळी ब्लू-रे तबकडी पाठवली, तर ती मात्र साध्या डीव्हीडी ड्राइव्हला वाचताच येणार नाही. म्हणून पाठवण्याआधीच त्याला डबीवरचे नाव आणि गोलातला आकडा कळवायला सांगावे.