ब्रेक ऑइल हे ऑइल नव्हे : जुन्या मोटरसायकलचा मास्टर सिलिंडर

जुन्या मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर उघडून, आतली रबरं बदलून, पुन्हा कसा जोडायचा ते आज आपण पाहणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानमालेत हा विषय कुठून आला, असं वाटेल. तो पास्कलकडून आला. ब्लेझ पास्कल आपल्याला ईश्वराविषयीच्या पैजेमुळे माहीत असतो. पण द्रवांच्या समतोलावरही त्याने ग्रंथ लिहिला होता, तो त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे त्यातलं तत्त्व. १९६९ साली होंडाची सीबी ७५० पुढच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसह आली. आज तेच तत्त्व आपल्या उजव्या हाताच्या बोटांखाली असतं.

हिशेब सोपा आहे. समजा, हॅण्डलवरच्या पिस्टनचा व्यास १४ मिलिमीटर आणि कॅलिपरमधल्या पिस्टनचा ४२. व्यास तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. जोर नऊपट होतो, पण सरकण्याचं अंतर नवव्या हिश्श्यावर येतं. म्हणून नळीत हवेचा छोटा बुडबुडा राहिला तरी लिव्हर हॅण्डलला टेकते.

आता शब्दाकडे येऊ. गॅरेजमध्ये आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो. पण डॉट ३ आणि डॉट ४ हे द्रव ग्लायकॉल वर्गातले, ते खनिज तेल नव्हेत. नावावर विसंबून कुणी टाकीत इंजिन ऑइल ओतलं, किंवा सुटे भाग पेट्रोलने धुतले, तर आतलं रबर फुगतं. मग काय होतं?

टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात. त्यातलं एक सुईच्या टोकाएवढं बारीक. लिव्हर सोडली की पिस्टनचं पुढचं रबर या बारीक भोकाच्या मागे येतं, आणि तापून प्रसरण पावलेला द्रव तिथून टाकीत परततो. रबर फुगून किंवा कचरा साचून ही वाट बंद झाली, तर ब्रेक सुटतच नाही. चाक घासत राहतं, द्रव आणखी तापतो, दाब वाढतो आणि धावत्या गाडीचं पुढचं चाक जाम होऊ शकतं. ब्रेकने धरावं याची काळजी आपण करतो, त्याने सोडावं हेही तितकंच महत्त्वाचं.

उघडताना आधी पेट्रोलच्या टाकीवर ओलं फडकं टाकू या, कारण हा द्रव रंग खातो. सांडलाच तर लगेच पाण्याने धुवायचा. द्रव काढून, नळी आणि लिव्हर सोडवून, धुळीचं रबर आणि त्यामागचं सर्क्लिप काढलं की पिस्टन आणि स्प्रिंग बाहेर येतात. कोणता भाग कोणत्या तोंडाने बसला होता, त्याचा फोटो काढून ठेवावा.

मग सिलिंडरची आतली भिंत उजेडात बघायची. गाळ असेल तर तो निघेल. पण खड्डे किंवा नखाला लागणारे ओरखडे असतील तर नवं किट घालून उपयोग नाही, सिलिंडरच बदलावा. पॉलिश पेपर फिरवू नये. बारीक भोक मोकळं करताना ते मोठं होऊ देऊ नये. धुवायला ताजा ब्रेकचा द्रव किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. नवी रबरं त्याच द्रवात भिजवून बसवायची, पुढच्या रबराची ओठासारखी कड दाबाच्या, म्हणजे स्प्रिंगच्या बाजूला. नळीच्या बोल्टचे वॉशरही नवे.

द्रव सीलबंद बाटलीतलाच हवा, कारण तो हवेतलं पाणी शोषतो. डॉट ४ चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शिरल्यावरचं प्रमाण १५५ चं. टाकीच्या झाकणावर कोणता डॉट लिहिलाय ते वाचूनच भरावा.

हवा काढून झाली की तीन परीक्षा. लिव्हर हलकेच दाबली की टाकीत बारीक कारंजं उसळलं पाहिजे. भोक मोकळं आहे. घट्ट दाबून मिनिटभर धरली तर लिव्हर खचता कामा नये, रबरं धरताहेत. आणि सोडल्याबरोबर उचललेलं चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. तिन्हींपैकी एकीतही शंका आली, तर गाडी रस्त्यावर न काढता पुन्हा उघडू या.