मोटारीच्या तळाचा गंज

घरांत मोटार आली म्हणजे तिच्या रंगाची, कांचांची व बैठकांची निगा सर्वजण हौसेनें राखतात. परंतु तिचें जें अंग सदैव रस्त्याकडे तोंड करून असतें, त्याकडे वर्षांतून एकदांही कोणाची दृष्टि वळत नाहीं. लोखंडाचा शत्रु नेमका याच बाजूनें शिरतो. आणि वरचा रंग आरशासारखा चकाकत असतां खालचा पत्रा चाळणी झालेला असूं शकतो.

गंज चढण्यास लोखंड, पाणी व हवेंतील प्राणवायु हीं तीन एकत्र यावीं लागतात. मीठ स्वतः लोखंड खात नाहीं. पण तें विरघळलेल्या पाण्यांतून विद्युत्‌प्रवाह सुलभपणें वाहतो व गंजण्याची क्रिया झपाट्यानें चालते. शिवाय मीठ हवेंतील ओलावा ओढून घेतें, त्यामुळें पत्रा लवकर सुकत नाहीं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे किनाऱ्याच्या ओल्या वाळूंतून हौसेनें गाडी फिरविणें किती महाग पडतें, तें निराळें सांगावयास नको. थंड देशांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ पसरतात, म्हणून तेथें मोटारींचे तळ लवकर गंजतात. आपल्या कोकणांत तेंच काम खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस व तांबडा चिखल मिळून करितात.

दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशें वर्षें उभा आहे, मग मोटारच कां गंजते, असें कोणी विचारील. त्या स्तंभाच्या लोखंडांत स्फुरदाचें प्रमाण अधिक असल्यानें त्यावर रक्षक असा पातळ थर जमला आहे; तेथील हवाही बरीच कोरडी. मोटारीचा पत्रा मात्र सामान्यतः एक मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो, आणि त्यावर चढणारा गंज भुसभुशीत असल्यानें ओलावा धरून ठेवितो. म्हणजे गंजच पुढील गंजास वाट करून देतो.

यावर उपाय म्हणून पुष्कळ लोक तळाला काळा डांबरी लेप देववितात व निश्चिंत होतात. ही निश्चिंतीच घातक होय. चिखलावर, ओलाव्यावर किंवा जुन्या गंजावर लेप दिला, तर रोग झांकला जातो, बरा होत नाहीं. पुढें लेपास बारीक चीर पडली कीं पाणी आंत शिरतें आणि बाहेर पडण्यास वाट न मिळाल्यानें तेथेंच मुरतें. यासाठीं प्रथम तळ स्वच्छ पाण्यानें धुवावा, पूर्ण वाळवावा, गंज तारेच्या ब्रशानें खरवडून काढावा, जस्तयुक्त प्रायमर लावावा आणि मगच लेप द्यावा. पोकळ भागांत मेणाचा पातळ फवारा अधिक चांगला. तो मऊ राहून सांध्यांत झिरपतो. सायलेन्सर, ब्रेक व रबरी भाग यांस लेप लागूं देऊं नये.

जस्ताचें महत्त्व गृहिणींस सहज पटेल. जस्ती बादलीस ओरखडा पडला तरी ती लगेच गंजत नाहीं, कारण जस्त स्वतः झिजून लोखंडास वांचवितें. कथलाचा मुलामा असलेला तेलाचा डबा मात्र ओरखडा पडतांच गंजूं लागतो. म्हणून नवी गाडी घेतांना पत्र्यावर जस्ताचा थर आहे कीं नाहीं, याची चौकशी अवश्य करावी.

लेपाहूनही मोठें काम साध्या स्वच्छतेनें होतें. मडगार्डाच्या आंतील घड्यांत बसलेला चिखल रस्ता सुकल्यावरही ओला राहतो. तो पाण्याच्या धारेनें काढावा. दारांच्या व उंबरपट्टीच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक छिद्रें असतात. तीं मोकळीं ठेवावीं. लेप देणारा कारागीर घाईंत तींच बुजवितो, तेंही पाहावें. गणपतीसाठीं कोकणांत जाऊन आलेली गाडी परततांच खालून धुवावी.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. ब्रेकच्या तेलाच्या पोलादी नळ्या बहुधा तळाखालूनच जातात. त्या गंजून फुटल्या, तर घाटांतील उतारावर ब्रेक दगा देईल. आणि गाडींत तर घरचीं मुलें व वडीलधारीं माणसें बसलेलीं असतात. यास्तव नळ्या व चाकांचे आधार माहितगार कारागिराकडून रॅम्पवर तपासून घ्यावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणींही शिरूं नये.

एकत्र कुटुंबांत सर्वांची गाडी ही पुष्कळदां कोणाचीच नसते. म्हणून हें काम घरांतील एकाच्याच माथीं द्यावें. त्यासाठीं मुहूर्त शोधण्याचें कारण नाहीं; पाऊस सरतां सरतां दसरा येतोच. त्या दिवशीं गाडीस झेंडूचा हार घालण्यापूर्वीं तिचा तळ धुऊन व पाहून घेतला असला, म्हणजे पूजा यथासांग झाली असें समजावें.