भिंत काढण्यापेक्षा भिंत जुळवणे महत्त्वाचे: ऑटोकॅडमधील काही मूलभूत आज्ञा

ऑटोडेस्क या अमेरिकी कंपनीने 1982 मध्ये आणलेल्या ऑटोकॅड या संगणकीय आरेखन प्रणालीत रेषा काढण्याच्या आज्ञांपेक्षा काढलेली रेषा सुधारण्याच्या आज्ञाच अधिक उपयोगी पडतात, हे नवशिक्यांच्या सहसा उशिरा ध्यानात येते. घराच्या नकाशातील भिंत हे त्याचे चांगले उदाहरण आहे. भिंतीची बाहेरची कड काढल्यावर ऑफसेट ही आज्ञा दिलेल्या अंतरावर, उदाहरणार्थ नऊ इंची विटेच्या भिंतीसाठी 230 मिलिमीटरवर, तिची समांतर प्रत तयार करते. मात्र लाइनने काढलेली प्रत्येक बाजू सुटी असल्याने हे काम एकेका बाजूसाठी करावे लागते, तर पॉलीलाइन ही जोडलेल्या बाजूंची अखंड आकृती असल्याने संपूर्ण कडेची प्रत एकदमच मिळते. जिथे रेषा एकमेकींना ओलांडतात तिथे नको असलेले तुकडे ट्रिमने छाटले जातात, आणि अपुरी रेषा एक्स्टेंडने पुढच्या रेषेपर्यंत वाढवली जाते. ट्रिम चालू असताना शिफ्टची कळ दाबून ठेवली, तर तीच आज्ञा एक्स्टेंडचे काम करते. फिलेट मुळात कोपऱ्याला ठरावीक त्रिज्येची गोलाई देण्यासाठी असली, तरी त्रिज्या शून्य ठेवल्यास ती दोन रेषा टोकदार कोपऱ्यात जुळवते, म्हणजे छाटणे आणि वाढवणे ही दोन्ही कामे एका फटक्यात उरकते, आणि नकाशाकामात तिचा हाच उपयोग सर्वाधिक मोलाचा मानावा लागेल. मिररने आरशातल्यासारखी प्रत काढताना अक्षरेही उलटी उमटत असतील, तर मिरटेक्स्ट या नियंत्रक चलाचे मूल्य 0 करावे.