पाच मासे, तीन रॉड
शालेय बास-स्पर्धांसाठी रॉड घेताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शनिवारची पहाट. तळ्याच्या उतारावरून एकामागून एक बोटी पाण्यात उतरत असतात. प्रत्येक बोटीत शाळेच्या जर्सीतली दोन मुलं आणि बोट चालवणारा एक मोठा माणूस. तो सल्ला देऊ शकतो, गळ मात्र टाकू शकत नाही. दिवस संपला की त्या दोघांनी मिळून पकडलेल्या बास माशांपैकी सर्वांत वजनदार पाच तराजूवर ठेवले जातात. नियम स्पर्धेगणिक थोडेफार बदलतात; पण मासे जिवंत आणायचे, मेलेल्या माशापायी वजन कापून घ्यायचं आणि शेवटी ते पाण्यात सोडायचे, हा रिवाज बहुतेक ठिकाणी आहे.

अमेरिकेत बास-स्पर्धांना आजचं रूप आलं ते रे स्कॉट यांच्यामुळे. १९६७ मध्ये त्यांनी आर्कान्सातल्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली, आणि १९७२ पासून त्यांच्या संघटनेने पकडलेला मासा जिवंत सोडण्याचा आग्रह धरला. २००९ मध्ये इलिनॉयच्या शालेय क्रीडा संघटनेने बास मासेमारीची राज्य अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली, आणि हा खेळ बास्केटबॉल-बेसबॉलच्या रांगेत येऊन बसला.

टेक्सस-जॉर्जियातल्या एखाद्या मराठी घरातल्या मुलीने किंवा मुलाने शाळेच्या संघात नाव घातलं, तर आई-बाबांची पंचाईत होते. बॅट कशी निवडायची हे आपल्याला कळतं. कोकणात आजोळ असेल तर तंगूस आणि गरी हातात धरलेलीही असते. पण दुकानात शेकडो रॉड ओळीने उभे दिसले की आपण दोनच गोष्टी बघतो: किंमत आणि विक्रेत्याचा चेहरा. म्हणून नेहमी कानावर येणाऱ्या काही समजुती इथे एकेक करून तपासल्या आहेत.

गैरसमज १: रॉड महाग, तर मासे जास्त.

वस्तुस्थिती: माशाला दिसतं ते आमिष. रॉडची किंमत कळते ती धरणाऱ्या हाताला. पैसे वाढतात तसं रॉडचं वजन घटतं, कड्या हलक्या आणि गुळगुळीत होतात, आमिष दगडावरून गेलं की गवतातून, हे मनगटाला अधिक स्पष्ट कळतं. मात्र हा फायदा किमतीच्या प्रमाणात वाढत जात नाही. साधारण ५० डॉलरच्या रॉडवरून १०० ते १५० डॉलरच्या रॉडवर गेलं, की फरक नवख्यालाही जाणवतो. तिथून ५०० डॉलरपर्यंत गेल्यावरचा फरक ओळखायला मुरलेला हात लागतो. शेक्सपिअर कंपनीचा अग्ली स्टिक जीएक्स२ पहिल्या गटात मोडतो, डोबिन्सचा फ्युरी दुसऱ्या, आणि जी. लूमिसचा एनआरएक्स प्लस शेवटच्या. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासाठी पैशाचं खरं मोल मधल्या गटात मिळतं.

महाग रॉडशिवाय काय होऊ शकतं, त्याचं जुनं उदाहरण: जॉर्ज पेरी या विशीतल्या शेतकऱ्याने २ जून १९३२ रोजी जॉर्जियात २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे दहा किलोंहून थोडा जास्त वजनाचा लार्जमाउथ बास पकडला. त्या दिवशी त्याच्याकडे आणि त्याच्या मित्राकडे मिळून एकच रॉड होता, असं सांगितलं जातं. त्याच्या या जागतिक विक्रमाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडलं. ती जपानच्या बिवा सरोवरात झाली.

गैरसमज २: 'मीडियम हेवी फास्ट' म्हणजे एकच गुण. जितका कडक, तितका चांगला.

वस्तुस्थिती: यात दोन वेगळे गुण आहेत, आणि सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते याच गोंधळात. 'मीडियम', 'मीडियम हेवी', 'हेवी' हे शब्द रॉडची ताकद सांगतात: तो वाकवायला किती जोर लागेल. 'फास्ट' आणि 'मॉडरेट' हे शब्द तो कुठून वाकेल ते सांगतात. फास्ट रॉड टोकाकडच्या भागातच वाकतो, खालचा भाग ताठ राहतो. मॉडरेट रॉड जवळजवळ मध्यापर्यंत कमानीसारखा वळतो.

याचा संबंध थेट गळाशी आहे. जिग (शिशाच्या डोक्याचं आमिष) किंवा रबरी किडा लावतात तो गळ एकेरी आणि जाड असतो. किड्यात तर त्याचं टोकही लपवलेलं असतं. बासचा जबडा कठीण. तिथे गळ रुतवायचा तर जोरात हिसका द्यावा लागतो आणि तो हिसका वाटेत मुरता कामा नये. म्हणून तिथे मीडियम हेवी, फास्ट.

क्रँकबेट हे लाकडाचं किंवा प्लॅस्टिकचं, पाण्यात थरथरत जाणारं आमिष. त्याला तीन टोकांचे बारीक गळ असतात. ते सहज रुततात आणि तितक्याच सहज फाटून निघतात. मासा उसळी मारून डोकं झटकतो, तेव्हा कडक रॉड गळाला ओढत राहतो आणि मासा सुटतो. मॉडरेट रॉड ते झटके स्वतःत मुरवतो. शिवाय उतावळं मूल मासा लागताक्षणी हिसका देतं. मऊ रॉडमुळे आमिष पुरतं तोंडात घ्यायला माशाला क्षणभर जास्त मिळतो. पाच माशांच्या बेरजेत असा एक सुटलेला मासा फार महागात पडतो.

आणखी एक गोष्ट. ताकदीच्या या नावांना सर्व कंपन्यांना बांधणारं प्रमाण नाही. एका कंपनीचा मीडियम हेवी दुसरीच्या हेवीइतका ताठ निघू शकतो. म्हणून मुठीच्या वर छापलेला आमिषाच्या वजनाचा पल्ला वाचा. तिथे १/४ ते ३/४ औंस लिहिलं असेल, तर साधारण ७ ते २१ ग्रॅमची आमिषं तो रॉड नीट फेकेल. मूल नेहमी वापरतं ते आमिष या पल्ल्याच्या मधोमध बसलं, की रॉड योग्य.

गैरसमज ३: आयएम८ हा आयएम६ पेक्षा वरचा, ४० टन हा ३० टनांपेक्षा वरचा. आकडा बघून घ्यावं.

वस्तुस्थिती: आयएम६, आयएम७, आयएम८ ही मुळात एकाच कंपनीच्या कार्बन तंतूंची व्यापारी नावं. पुढे ती जाहिरातीत सर्रास वापरली जाऊ लागली, पण रॉडच्या दर्जाची ती श्रेणी नव्हे. 'टन' हा आकडा तंतूचा ताठपणा सांगतो, मजबुती नाही. तंतू ताठ असेल तर तेवढ्याच कामाला तो कमी पुरतो. रॉडची भिंत पातळ होते, रॉड हलका होतो आणि आमिषाचा कंप हाताला चांगला पोचवतो. पण पातळ भिंत ठेच सोसत नाही. बोटीच्या कडेवर आपटणं, शिशाचं वजन रॉडवर येऊन आदळणं, व्हॅनमध्ये वर बॅगा पडणं हे शाळकरी मुलाच्या हातून होणारच. त्याच्यासाठी मधल्या ताठपणाचा रॉड जास्त टिकतो, म्हणून स्वस्तही पडतो.

गैरसमज ४: फायबरग्लास जुनाट. आता सगळं कार्बनचंच हवं.

वस्तुस्थिती: तळाजवळून हळू सरकणारं आमिष जाणवायला कार्बनच हवा. पण वर सांगितलेल्या क्रँकबेटसाठी काचतंतूचा किंवा काच-कार्बन मिश्र रॉड आजही मुद्दाम निवडला जातो, कारण तो सावकाश आणि खोलवर वाकतो. काचतंतूचा रॉड जड असतो, पण मार खातो आणि बहुधा स्वस्तही मिळतो. तीन रॉडपैकी पैसे वाचवायची जागा शोधत असाल, तर ती ही.

गैरसमज ५: पोर वाढतंय, तेव्हा लांबच रॉड घ्यावा.

वस्तुस्थिती: कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची आपली सवय इथे नडते. लांब रॉड आमिष दूर फेकतो, हे खरं. पण काही आमिषं रॉडचं टोक खाली धरून झटक्याझटक्याने खेळवायची असतात. पाच फूट उंचीच्या मुलीच्या हातात साडेसात फुटांचा रॉड दिला, तर टोक दर झटक्याला पाण्यावर आपटतं. त्याहून मोठी अडचण मुठीची. मूठ लांब असेल तर तिचं मागचं टोक बरगड्यांत रुततं, मूल मनगट वाकडं करून रॉड धरू लागतं, आणि सात-आठ तासांच्या स्पर्धेत दुपारपर्यंत हात भरून येतो.

बहुतेक कामांना ६ फूट ८ इंच ते ७ फूट लांबी पुरते. रीळ बसतं तिथे पकडून रॉड हाताच्या रेषेत धरायला सांगा. मुठीचं टोक कोपरापर्यंत किंवा जरासं पुढे यावं. तोलही बघा. घरचं रीळ दुकानात न्या, रॉडवर चढवा आणि रिळाच्या किंचित पुढे एका बोटावर रॉड तोलून पाहा. टोक धाडकन खाली गेलं तर तेवढा भार मनगट दिवसभर उचलणार आहे. वजनकाट्यावर हलका असलेला रॉडही तोल बिघडलेला असेल तर हाताला जडच लागतो.

गैरसमज ६: स्पर्धेत उतरायचं तर दहा-बारा रॉड हवेत.

वस्तुस्थिती: टीव्हीवर व्यावसायिकांच्या बोटीवर रॉडची रांग दिसते, त्यातून हा समज होतो. त्यांच्याही स्पर्धांत एका वेळी एकच रॉड पाण्यात टाकता येतो. बाकीचे असतात ते आमिष बदलायचा वेळ वाचावा म्हणून. शिकणाऱ्या मुलाला तीन रॉड भरपूर झाले:

- ७ फुटी मीडियम हेवी, फास्ट, बेटकास्टिंग रिळाचा: जिग, रबरी किडे, स्पिनरबेट (फिरत्या पात्यांचं आमिष).
- ६ फूट १० इंच ते ७ फुटी मीडियम, फास्ट, स्पिनिंग रिळाचा: हलकी आमिषं, ड्रॉप शॉट (खाली वजन, वर गळ अशी बांधणी), वारा असताना.
- ७ फुटी मॉडरेट, काचतंतूचा किंवा मिश्र: क्रँकबेट.

आधी कोणता घ्यायचा, ते घराजवळच्या पाण्यावरून ठरवा. अलाबामाच्या गंटर्सव्हिलसारखं पाणवनस्पतींनी भरलेलं तळं असेल तर पहिला. मिशिगनच्या लेक सेंट क्लेअरसारखं निवळशंख पाणी आणि स्मॉलमाउथ बास असतील तर दुसरा. तीनशे डॉलर हाताशी असतील, तर पहिल्या दोन रॉडना प्रत्येकी शंभर-सव्वाशे आणि तिसऱ्याला उरलेले, ही वाटणी शहाणपणाची. रीळ, दोरी आणि गळ यांचे पैसे मात्र आधीच बाजूला काढा. बोथट गळ आणि पीळ पडलेली दोरी यांपुढे कोणत्याही रॉडचं काही चालत नाही.

गैरसमज ७: रॉड तुटला म्हणजे माल खराब होता.

वस्तुस्थिती: रॉड बहुतेकदा माशामुळे तुटत नाही. गाडीचं दार, घरातला पंखा, पायाखाली येणं आणि आधी बसलेली न दिसणारी ठेच ही खरी कारणं. पाण्यावरची एक चूक मुलं हमखास करतात. मासा बोटीशी आला की रॉड उभा करून डोक्यामागे नेतात. मग सगळा ताण बुंध्याऐवजी टोकाच्या बारीक भागावर येतो आणि रॉड मोडतो. रॉडचं टोक खाली धरून मासा जाळीत घ्यायचा, हे पहिल्या दिवशीच शिकवावं. जाड ब्रेडेड दोरी लावली असेल तर रिळाचा ब्रेक थोडा सैल ठेवावा, कारण ती दोरी तुटण्याआधी रॉड तुटतो. हमीपत्र घेतानाच वाचा. निर्मितीतला दोष आणि गाडीच्या दारात चिरडलेला रॉड यांना सहसा वेगळे नियम असतात.

इथेच जिवाची गोष्ट सांगायला हवी. कार्बन वीज वाहून नेतो. ढग गडगडू लागले की रॉड आडवे ठेवायचे आणि किनारा गाठायचा. विजेच्या तारांखाली उभा रॉड कधीही न्यायचा नाही. स्पर्धा कोणतीही असो, याला अपवाद नाही.

गैरसमज ८: वापरलेला किंवा दोन तुकड्यांचा रॉड म्हणजे तडजोड.

वस्तुस्थिती: आता दोन तुकड्यांचे चांगले रॉड इतके नीट बसतात, की सांधा हाताला क्वचितच कळतो. छोट्या गाडीत सात फुटी सलग रॉड कोंबून टोक मोडण्यापेक्षा ते बरे. वरच्या वर्गातली मुलं खेळ सोडताना रॉड विकतात, तेव्हा चांगला माल निम्म्यात मिळू शकतो. घेताना कापसाची काडी प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. धागा अडकला तर कडीला चीर आहे आणि ती दोरी कापणार. मग नख रॉडवरून वरपासून खालपर्यंत ओढा. खाच लागली तर तो रॉड सोडून द्या.

दुकानात जाण्याआधी एक शनिवार संघातल्या इतर मुलांचे रॉड आपल्या मुलाला हाताळू द्या. कोणता रॉड त्याच्या हाती बसतो, हे कागदावरच्या आकड्यांपेक्षा त्याच्या खांद्याला आणि मनगटाला जास्त कळतं. कामाला जुळणारा रॉड असला की मासा लवकर हाती येतो, दमत नाही, तराजूवर जिवंत पोहोचतो आणि संध्याकाळी शेपटी मारत परत खोल पाण्यात जातो. तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न मुलानेच विचारावा: "हा रॉड कोणत्या आमिषासाठी आहे?" त्याचं उत्तर सरळ मिळालं, तरच किंमत विचारायची.