अमेरिकेतील ब्रॉडबँड : वेगाचा आकडा आणि दुसरी तार

वेगाचा आकडा जितका मोठा तितकी इंटरनेटची जोडणी चांगली, ही अमेरिकेतील ग्राहकांची सर्वांत पक्की समजूत आहे आणि कंपन्यांच्या जाहिराती ती अधिकच पक्की करतात. हा आकडा मेगाबिटमध्ये सांगितला जातो, संगणकावरील फाइल मात्र मेगाबाइटमध्ये मोजली जाते आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. त्यामुळे सेकंदाला १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात, आणि ‘कंपनीने फसवले’ अशा तक्रारींपैकी काहींचे मूळ या साध्या भागाकारात असते. ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणावे हेही स्थिर नाही. दूरसंचारावर देखरेख ठेवणाऱ्या संघीय दळणवळण आयोगाने २०१० मध्ये डाउनलोडसाठी ४ आणि अपलोडसाठी १ मेगाबिट ही किमान पातळी धरली, २०१५ मध्ये ती २५ आणि ३ केली आणि मार्च २०२४ मध्ये १०० आणि २० वर नेली. म्हणजे तार तीच राहूनही एखादे घर एका निर्णयाने ब्रॉडबँडच्या व्याख्येबाहेर पडू शकते.

अधिक वेग घेतला की सर्व अडचणी मिटतात, हेही खरे नाही. अतिस्पष्ट चित्रपटाच्या एका प्रवाहासाठी नेटफ्लिक्स १५ मेगाबिट पुरेसे मानते, आणि त्या हिशेबाने चार खोल्यांत चार चित्रपट चालले तरी गिगाबिटच्या, म्हणजे १००० मेगाबिटच्या, योजनेचा मोठा भाग रिकामाच राहतो. व्हिडिओ कॉल अडखळतो तो बहुधा वेगळ्या कारणांनी. केबल कंपन्यांचे जाळे मुळात दूरचित्रवाणीचे कार्यक्रम घराघरांत सोडण्यासाठी उभारलेले असल्याने त्यात घराकडून बाहेर जाणाऱ्या माहितीला फारच अरुंद वाट मिळाली, आणि ती वाटही एका भागातील अनेक घरांत वाटली जाते. दुसरे कारण विलंबाचे, म्हणजे माहितीचे पुडके जाऊन उत्तर परत यायला लागणाऱ्या वेळेचे. न्यू जर्सी आणि मुंबई यांतील अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे आणि काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे तार अगदी सरळ रेषेत असती तरी जाण्यायेण्यास सेकंदाचा आठवा भाग लागलाच असता, आणि समुद्राखालील केबली वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक लागतो. न्यू जर्सीतील एडिसन येथील नातवाचे बोलणे पुण्यातील आजीला किंचित उशिरा पोहोचते, ते कोणतीही महागडी योजना घेतल्याने लवकर पोहोचणार नाही.

जाहिरातीतला वेग खरोखर मिळतो का, ही शंका मात्र निराधार नव्हती. टाइम वॉर्नर केबल या कंपनीने ग्राहकांना भाड्याने दिलेली कित्येक मोडेम विकलेला वेग पेलण्यास असमर्थ होती, असा आरोप ठेवून न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी २०१७ मध्ये ती कंपनी आणि तिला विकत घेणारी चार्टर यांच्यावर खटला भरला. डिसेंबर २०१८ मध्ये तो १७ कोटी ४२ लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला आणि त्यातील ६ कोटी २५ लाख डॉलर थेट ग्राहकांना परत करण्याचे ठरले. एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक योजनेसोबत नेहमीचा वेग, विलंब, मासिक दर आणि वरचे आकार दाखवणारा तक्ता देणे बंधनकारक आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टणावरील पोषणतक्त्याच्या धर्तीवर केलेला हा तक्ता जाहिरातीपेक्षा निश्चितच अधिक वाचनीय आहे.

दरांविषयीचा गैरसमज यापेक्षा खोल आहे. तंत्रज्ञान स्वस्त होत जाते, म्हणून इंटरनेटही आपोआप स्वस्त होईल, असे मानले जाते. परंतु खर्चाचा मोठा वाटा यंत्रांचा नसून रस्ते खोदण्याचा, विजेच्या खांबांवर जागा मिळवण्याचा आणि प्रत्येक दारापर्यंत तार नेण्याचा असतो. एकदा एका कंपनीची तार घरात आली की दुसरीला तोच खर्च निम्म्या ग्राहकांच्या भरवशावर करावा लागतो, म्हणून ती बहुधा येतच नाही आणि पहिलीला दर उतरवण्याचे कारण राहत नाही.

अशी दुसरी तार टाकून पाहिली ती गूगलने. त्या कंपनीने फेब्रुवारी २०१० मध्ये स्वतःचे फायबर, म्हणजे प्रकाशतंतूंचे, जाळे टाकण्याची घोषणा केली तेव्हा अकराशेहून अधिक नगरांनी अर्ज केले, आणि कॅन्ससमधील टोपीकाने तर महिन्याभरासाठी शहराचे नावच ‘गूगल’ करून घेतले. निवड मात्र कॅन्सस सिटीची झाली. तेथे २०१२ मध्ये गिगाबिटचा दर महिना ७० डॉलर ठरला. ऑक्टोबर २०१६ मध्ये मात्र कंपनीने अनेक शहरांतील विस्तार थांबवला, आणि लुईव्हिलमध्ये खर्च वाचवण्यासाठी डांबराच्या अगदी वरच्या थरात, काही इंचांवर, बसवलेल्या तारा उघड्या पडू लागल्याने २०१९ मध्ये ते शहरच सोडले. रस्ते दुरुस्तीसाठी तिला शहराला ३८ लाख ४० हजार डॉलर द्यावे लागले. पैसा कितीही असला तरी जमीन खोदण्याला पर्याय नाही, हे लुईव्हिलने दाखवले.

सार्वजनिक संस्थेने इंटरनेट चालवले तर करदात्यांचे पैसे बुडतात, हा आक्षेप आणि तोच रामबाण उपाय आहे, ही आशा, दोन्ही अर्धवट आहेत. टेनेसीतील चॅटनूगा शहराच्या वीज मंडळाने २००९ च्या आर्थिक उत्तेजन कायद्यातून मिळालेल्या सुमारे ११ कोटी १५ लाख डॉलरच्या अनुदानासह फायबरचे जाळे उभारले ते मूळ वीजवितरणासाठी: तार तुटताच बिघाड झालेला भाग आपोआप वेगळा करून इतरत्र वीज चालू ठेवणाऱ्या स्वयंचलित स्विचांना जोडण्यासाठी. त्याच तंतूंवरून सप्टेंबर २०१० मध्ये शहरभर गिगाबिट सेवा सुरू झाली, तीही महिना ३५० डॉलर दराने. २०१३ मध्ये, कॅन्सस सिटीचा दर सर्वांना ठाऊक झाल्यावर, तो सुमारे ७० डॉलरवर आला. येथे खर्च विजेने वाटून घेतला होता, हे विसरून चॅटनूगाचे उदाहरण दिले जाते. युटातील प्रोव्हो शहराचा अनुभव उलट होता. त्याने सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलरच्या कर्जातून उभारलेले जाळे २०१३ मध्ये गूगलला एका डॉलरला विकले आणि कर्ज नागरिकांकडेच राहिले. शेजारच्या खेड्यांना सेवा देण्याची चॅटनूगाची इच्छा मात्र तोट्याच्या भीतीने अडली नाही, तर वीज मंडळाला आपल्या वीजक्षेत्राबाहेर जाऊ न देणाऱ्या राज्याच्या कायद्याने अडली. तो कायदा बाजूला सारणारा आयोगाचा फेब्रुवारी २०१५ चा आदेश अपील न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये रद्द ठरवला.

सरकारी मदतीने इंटरनेट स्वस्त होते, या समजुतीची परीक्षा अलीकडेच झाली. गरजू कुटुंबांना महिना ३० डॉलर सवलत देणाऱ्या केंद्रीय योजनेत २ कोटी ३० लाखांच्या आसपास कुटुंबे होती. निधी संपल्यावर १ जून २०२४ रोजी ती बंद पडली आणि कंपन्यांचे मूळ दर होते तेथेच असल्याचे दिसले, कारण बिलाचा काही भाग एवढे दिवस दुसरे कोणी भरत होते. न्यूयॉर्क राज्याने वेगळा मार्ग धरला. तेथील कायद्याने पात्र कुटुंबांसाठी २५ मेगाबिटला महिना १५ डॉलर अशी कमाल मर्यादा घातली आणि प्रदीर्घ न्यायालयीन लढाईनंतर ती जानेवारी २०२५ मध्ये अमलात आली. त्यावर एटी अँड टी कंपनीने मोबाइल जाळ्यावरून चालणारी आपली घरगुती सेवा त्या राज्यातून काढून घेतली. घराघरांत तारा नेऊन बसलेल्या केबल कंपन्यांना इतक्या सहज निघून जाणे परवडणारे नव्हते.