पासिंग किती टनाचं?

टेक्ससमध्ये पिकअप ट्रकचं कुणाला नवल नाही. आमच्या गल्लीतच दोन-चार घरं सोडून एक उभा असतो. त्यातले बरेचसे आठवडाभर ऑफिसला जातात आणि शनिवारी किराणा आणतात. एवढं धूड घेऊन हे लोक दूध-ब्रेड आणायला का जातात, याचं मला अनेक वर्षं हसू यायचं. मग ट्रक घ्यायची वेळ माझ्यावरच आली, आणि तोही साधासुधा नाही, इथे ज्याला ‘हेवी ड्यूटी’ म्हणतात तसला.

कारण झाला आमचा ट्रेलर. माझी आयटीतली नोकरी गेली तेव्हा दुसरी शोधण्याऐवजी मी मिसळ-वडापावचा ट्रेलर सुरू केला. साठवलेले पैसे त्यात घातले. शेगड्या, फ्रायर, फ्रीज, गॅसच्या टाक्या, पाण्याच्या टाक्या, सगळं त्यात आहे. नाही ते फक्त इंजिन. त्यामुळे दर शनिवार-रविवारी तो ओढून न्यायला एक ट्रकवाला बोलवायचे. एका दिवसाचे १५० डॉलर. नफ्यातला मोठा घास तोच घ्यायचा. तो गाव सोडून गेला आणि आमचा धंदा दारातच उभा राहिला. आता स्वतःचा ट्रक घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एका शनिवारी नवरा आणि मी डीलरकडे गेलो. इथे नव्या गाडीच्या काचेवर एक कागद चिकटवलेला असतो. मूळ किंमत, त्यावर घेतलेला एकेक ऑप्शन, कारखान्यातून आणण्याचा खर्च आणि तळाला एकूण बेरीज. मोटारींसाठी याचा कायदा १९५८ साली झाला आणि तो आणणाऱ्या सिनेटर माइक मन्रोनी यांच्या नावाने या कागदाला ‘मन्रोनी स्टिकर’ म्हणतात. या मोठ्या ट्रकच्या कागदावर मात्र एक गोष्ट नसते, ती म्हणजे मायलेज. ८,५०० पौंडांच्या वरच्या पिकअपना ते छापण्याची सक्तीच नाही. ‘कितना देती है’ विचारायची आपली सवय इथे कामाला येत नाही!

सेल्समनने दाखवलेला ट्रक देखणा होता. डिझेल इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, लेदरच्या सीट, सनरूफ, मोठी चकचकीत चाकं. तळाची बेरीज ७८,००० डॉलर. त्यात एकट्या डिझेल इंजिनाचे जवळपास १०,०००. वर डीलरने आपला एक वेगळा कागद लावलेला: टायरमध्ये नायट्रोजन, काचांवर नंबर कोरणं, रंगाला संरक्षक लेप, मिळून १,८९५ डॉलर. धंदा माझा, ट्रेलर माझा, पण तो गृहस्थ बोलत होता नवऱ्याशी. “ओढायचंय ना? मग डिझेलच घ्या. तुमच्या ट्रेलरच्या दुप्पट वजन ओढेल,” म्हणाला. महिन्याचा हप्ताही त्याने पाठ असल्यासारखा सांगितला. आम्ही जवळजवळ ‘हो’ म्हणणारच होतो.

वाचवलं ते टेक्ससच्या कायद्याने. इथे शनिवार आणि रविवार असे सलग दोन्ही दिवस गाड्या विकता येत नाहीत, त्यामुळे बहुतेक डीलर रविवारी बंद. “सोमवारी येतो,” म्हणून निघालो. रात्री मी कराडला अण्णांना फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ होती.

अण्णांनी आयुष्यभर टेम्पो चालवला. कराडहून गूळ आणि भाजीपाला पुण्याला. मी फोटो पाठवले. मला वाटलं, किंमत ऐकून ओरडतील. त्यांनी किंमत विचारलीच नाही.

“पासिंग किती टनाचं?”

“अण्णा, तो साडेआठ-नऊ टन ओढतो म्हणे.”

“ओढायचं नाही विचारत मी. बैलही गाडी ओढतो, पण म्हणून गाडी त्याच्या पाठीवर ठेवत नाहीस ना? ट्रकनं अंगावर किती घ्यायचं, ते विचार.”

मग थोडं थांबून म्हणाले, “खंबाटकीत पाटा तुटला होता, आठवतंय का? तू लहान होतीस.” मला आठवत होतं. ती रात्र आईने दारात बसून काढली होती. एका व्यापाऱ्याने चार पोती जास्त टाकली होती, एवढंच.

सोमवारी मी एकटीच गेले आणि काचेवरचा कागद सोडून ड्रायव्हरचं दार उघडलं. दाराच्या खांबावर दोन छोटे स्टिकर असतात. एकावर पासिंग, म्हणजे ट्रक, माणसं आणि माल मिळून जास्तीत जास्त वजन. या ट्रकचं होतं १०,००० पौंड. दुसऱ्यावर माणसं आणि माल मिळून किती चालेल तो आकडा: २,१५० पौंड. म्हणजे ट्रकचं स्वतःचंच वजन ७,८५०. डिझेल इंजिन जड, फोर-व्हील ड्राइव्ह जड, सनरूफ जड. पासिंग तेवढंच राहतं, त्यामुळे हौसेचा प्रत्येक ऑप्शन पैसे तर घेतोच, वर आपल्या मालातलं वजनही खातो.

आता आमचा हिशोब. मागच्याच महिन्यात ट्रकस्टॉपच्या वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर तोलला होता: ९,१०० पौंड. अशा ट्रेलरच्या वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार दांड्यावाटे ट्रकच्या मागच्या भागावर येतो. आमचा धरला १,२०० पौंड. चार माणसं ६४०, जनरेटर आणि त्याचे कॅन २६०, हौद्यातले कूलर, टेबलं, तंबू आणि कांदे-बटाटे ३५०, हिचचा लोखंडी दांडा ५०. बेरीज २,५००. म्हणजे ७८,००० डॉलर मोजून पहिल्याच दिवशी आम्ही साडेतीनशे पौंड ओव्हरलोड!

मी तो कागद सेल्समनपुढे ठेवला. त्याने डोकं खाजवलं आणि मला आतल्या ‘कमर्शियल’ विभागात नेलं. हे पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर? तिथल्या बाई रोज प्लंबर आणि कंत्राटदारांना ट्रक विकणाऱ्या. त्यांचा पहिला प्रश्न: “ट्रेलर किती दूर नेता?” मी म्हटलं, गावातल्या गावात, वीस-तीस मैल. “मग डिझेल कशाला? रोज लांबचा पल्ला, डोंगर, याहून जड ट्रेलर, असं असेल तर ते पैसे वसूल होतात.”

लॉटवर उभा असलेला नको, कारखान्यातून बनवून घेऊ, असं ठरलं. पेट्रोल इंजिन. टेक्ससच्या सपाट रस्त्यांवर फोर-व्हील ड्राइव्ह नको. सीट कापडी. चाकं साधी. पैसे घातले ते तीन गोष्टींवर: ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणारा कंट्रोलर, हौद्याला आतून रबरासारखा लेप, आणि मागच्या अ‍ॅक्सलचा ४.३० रेशो. हा शेवटचा काय ते अण्णांना लगेच कळलं. “म्हणजे क्राउन-पिनियन बदललं. चाक एकदा फिरायला शाफ्ट सव्वाचार वेळा फिरणार. ओढ वाढेल, पेट्रोलही जरा जास्त पिईल.” लाखमोलाचा हा ऑप्शन काही शे डॉलरचा, आणि दिखाऊ ट्रकवर तो नव्हताच.

कागदावरची किंमत झाली ५९,८०० डॉलर. घासाघीस करून ५७,५०० वर आली. ती लेखी घेतली, कारण ट्रक येईपर्यंत भाव वाढला तर? नायट्रोजन वगैरे काही लावायचं नाही, हेही लेखी. त्यावर राज्याचा ६.२५ टक्के कर, म्हणजे ३,५९४ डॉलर, शिवाय नोंदणी आणि डीलरची कागदपत्रांची फी. ५०० डॉलर अनामत देऊन आले.

अकरा आठवडे थांबावं लागलं. तोवर भाड्याचा ट्रक मिळेल त्या शनिवारी धंदा, नाही तर घरूनच डबे. पोटात गोळा असायचा.

ट्रक आला तेव्हा मी सही करण्याआधी दार उघडून स्टिकर वाचला: ३,२४० पौंड. आमचे २,५०० वजा जाऊन ७४० शिल्लक. पांढराशुभ्र, साधा, जरा सरकारी गाडीसारखा दिसणारा ट्रक. नवरा म्हणाला, “सनरूफ हवं होतं गं.” मी म्हटलं, ते पुढच्या जन्मी.

घरी येऊन नारळ फोडला आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. मी आत बसून स्टिअरिंग, स्क्रीन, कॅमेरे दाखवायला लागले.

“ते राहू दे गं,” अण्णा म्हणाले. “आधी खाली वाक आणि पाटे दाखव.”

मी नव्या साडीनिशी ड्राइव्हवेवर गुडघे टेकले आणि फोन ट्रकखाली धरला.