घोडागाडीतून वाढलेले दुकान

कॅनडा देशाच्या पूर्वेला, समुद्राकाठी, नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तिथल्या स्टेलरटन या लहानशा गावी १९०७ साली जॉन सोबी यांनी मांसविक्रीचा धंदा सुरू केला. शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा आणि घोडागाडीतून विकायचा. १९२४ साली मुलगा फ्रँक भागीदार झाला. नुसते मांस कशाला, किराणाही विकू, हे त्याने वडिलांच्या गळी उतरवले.

पुढे त्यांनी नव्या तऱ्हेची दुकाने काढली. तिथे कोणी पुडी बांधून देत नाही. माल फळ्यांवर मांडलेला असतो. आपणच उचलायचा आणि जाताना पैसे द्यायचे. नोकर कमी लागतात. घाऊक माल स्वस्त पडतो. नफ्यातून आणखी दुकान निघते.

१९९८ साली या सोबीज कंपनीने ओशावा ग्रूप ही मोठी कंपनी विकत घेतली. २०१३ साली पश्चिमेकडची सेफवेची दुकाने घेतली. आज दहाही प्रांतांत तिची दुकाने आहेत.

पण दुसरी बाजूही पाहू. २०२३ साली तिथल्या सरकारी स्पर्धा खात्याने पाहणी केली. अन्नधान्याच्या विक्रीत रुपयामागे बारा आण्यांहून जास्त वाटा फक्त पाच कंपन्यांचा निघाला. त्यांत सोबीजही आहे. विकणारे थोडे उरले की भावाची चढाओढ मंदावते. भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो.

अशी दुकाने आता आपल्याकडेही आहेत. तिथे भाव सांगायला कोणी नसते. म्हणून आम्ही म्हणतो, पुडक्यावरचे वजन वाचा, किंमत वाचा, दुसऱ्या दुकानाशी ताडून पाहा. मगच पैसे मोजा.